थेंब सुईवर नाही, ब्रशवर

तिला नावाने हाक मारलेली मी कुणाच्याच तोंडून ऐकली नाही. सगळे थेंबताई म्हणत. डोळ्यांच्या इस्पितळात सव्वीस वर्षं तिने लोकांच्या डोळ्यांत थेंब घातले, पापण्यांच्या कडा पुसल्या, पट्ट्या बदलल्या. इस्पितळ बंद पडलं तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. मी तेव्हा सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते आणि आमच्या श्रवणकक्षासाठी मदतनिसाची एक जागा निघाली होती. मुलाखत मीच घेतली.

"टर्नटेबल कधी हाताळलंय?"

"नाही."

"मग काय येतं?"

"डोळा हाताळता येतो. तुमच्या यंत्रात डोळ्यापेक्षा नाजूक काय आहे, बाई?"

उत्तर उद्धट होतं. मला आवडलं. बाकीचे पाच उमेदवार प्रमाणपत्रांच्या फायली घेऊन बसले होते, त्यांना मी चहा पाजून घरी पाठवलं.

श्रवणकक्ष हा शब्द समितीचा. आम्ही 'ऐकायची खोली' म्हणायचो. दहा बाय बाराची जागा, सायकल स्टँडकडे उघडणारी एक खिडकी, सहा खुर्च्या, दाराला आतून ठोकलेलं आवाज अडवणारं जाड फेल्ट. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी जाताना आपल्या चौदाशे रेकॉर्ड आम्हाला दिल्या होत्या, सोबत टर्नटेबल आणि डबीत जपून ठेवलेल्या दोन जादा सुया. त्या बनावटीच्या सुया बाजारातून केव्हाच गेल्या होत्या. म्हणजे यंत्रावर एक आणि डबीत दोन, एवढीच आमची इस्टेट.

आता ही सुई म्हणजे काय ते एकदाच सांगते. हिऱ्याचा एक कण, डोळ्याला धड दिसतही नाही एवढा. तो केसासारख्या बारीक दांडीच्या टोकाला चिकटवलेला. दांडीचं मागचं टोक रबराच्या चिमुकल्या कड्यात बसवलेलं, म्हणजे ती खाचेत हलती राहावी. रेकॉर्ड फिरली की खाचेतली धूळ त्या कणाला धरते, धुळीची गाठ होते, आणि गाणाऱ्याला सर्दी झाल्यासारखा आवाज येतो. मग माणसं काय करतात? बोटाने पुसतात. सदऱ्याच्या टोकाने पुसतात. फुंकर मारतात, आणि फुंकरीबरोबर थुंकीही उडवतात.

पहिली सुई मी मोडली. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर कुणीतरी सांगणारच आहे. घाई होती, रुमालाच्या टोकाने पुसायला गेले, रुमालाचा एक धागा दांडीला अडकला आणि मी हिसका दिला. दांडी अशी वाकली की पुन्हा सरळ होण्याचं नाव नाही. थेंबताई यायच्या दोन महिने आधीची ही गोष्ट. त्यानंतर मी फुंकर मारण्यावर आले होते. तिने ते कामाच्या पहिल्याच दिवशी पाहिलं.

"बाई, तुम्ही उघड्या जखमेवर फुंकता का?"

"ही जखम नाही, सुई आहे."

"मग सुईवर फुंकून इंजेक्शन देता का?"

 त्या काळात मला गप्प बसवणारी माणसं फार नव्हती.

त्याच आठवड्यात ती एका आंधळ्या म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन आली. ते शिंपीकाका. काचबिंदूने डोळे गेले होते. चार वर्षं त्यांच्या डोळ्यांत थेंब हिनेच घातले होते, आणि एक दिवस थेंबांचा उपयोग संपला होता. शिवणाचं मशीन विकून ते घरी बसले होते.

"दिवसभर घरात बसून सुनेवर डाफरण्यापेक्षा इथे बसा," ती त्यांना म्हणाली. "मी आहे तोवर ही खोली तुमची."

"घरी सून ऐकून तरी घेते," शिंपीकाका म्हणाले. "इथे मीच ऐकायचं?"

पण ते येऊ लागले. रोज अकराला. खिडकीजवळची खुर्ची, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये, हनुवटी काठीवर. पंधरा दिवसांत आमच्या लक्षात आलं की या माणसाला धूळ ऐकू येते. "डाव्या बाजूला माती आहे," ते म्हणायचे, आणि भिंग लावून बघितलं तर खरंच कणाला करडा कापूस धरलेला असायचा. आयुष्यभर मशीनच्या आवाजावरून सुई बोथट झाली की नाही ओळखत आलेला माणूस. त्याला काय अवघड?

थेंबताईने बाजारातून सुई साफ करायचा द्रव आणला. छोटी बाटली, झाकणाला ड्रॉपर. ड्रॉपरच घात करून गेला. तिने सुई बसवलेलं डोकं आर्मवरून, म्हणजे यंत्राच्या लांब हातावरून, सोडवलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. पेशंट छताकडे बघत पडतो तशी सुई वर बघत राहिली. तिने मनगट टेकवलं, श्वास धरला आणि एक थेंब बरोबर त्या कणावर सोडला. सव्वीस वर्षांत तिचा थेंब कधी चुकला नव्हता. हाही चुकला नाही. असं तिने ओळीने तीन सकाळी केलं.

चौथ्या दिवशी अर्धं गाणं झालं आणि शिंपीकाकांनी काठी आपटली. "बंद कर, ताई. हा माणूस गोधडीतून गातोय."

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने भिंगातून बघितलं आणि मान हलवली. थेंब कणावर थांबला नव्हता. सुई उलटी ठेवलेली, त्यामुळे तो दांडीवरून खाली उतरत रबरात जाऊन बसला होता. रबर फुगून मऊ पडलं होतं, दांडी बसकी झाली होती.

"थेंब सुईवर टाकायचाच नसतो," तो म्हणाला. "ब्रशवर घ्यायचा. तोही अर्धा."

 थेंबताईने बाटलीबरोबर आलेला कागद उघडला, भिंगाखाली धरला आणि तिथेच उभ्या उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मेकॅनिक म्हणाला होता तेच, अक्षरन् अक्षर, त्यात छापलेलं होतं.

"आधी वाचायला हवं होतं," मी म्हणाले. मला असं बोलायची सवय आहे.

"हो," ती म्हणाली. "ड्रॉपर दिसला आणि हाताने डोक्याला विचारलंच नाही."

पुढच्याच आठवड्यात समितीची बैठक होती. अध्यक्ष निवृत्त वकील, माणूस वाईट नव्हता. परीक्षेच्या अभ्यासाला येणारी मुलं जिन्यावर बसून वाचत होती, त्यांना जागा हवी होती, आणि आमच्या खोलीत एक आंधळा शिंपी आणि आठवड्याला सात-आठ हौशी माणसं. अध्यक्षांचंही काही चुकत नव्हतं.

"दुसरी सुई कशी गेली?" त्यांनी विचारलं.

"माझ्या हातून," थेंबताई म्हणाली.

"आणि पहिली?"

"ह्यांच्या." तिने सरळ माझ्याकडे बोट केलं.

सगळी समिती माझ्याकडे बघू लागली. तेव्हा राग आला, आता हसू येतं. खोटं तिला बोलता येत नसे, आणि दुसऱ्याचं झाकणं हाही तिच्या लेखी त्यातलाच प्रकार.

अध्यक्षांनी निकाल दिला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते स्वतः येऊन ऐकणार. आवाज स्वच्छ असेल तर शेवटची सुई टिकेल तोवर खोली चालू. खरखर ऐकू आली तर त्याच दिवशी खुर्च्या बाहेर आणि अभ्यासाची टेबलं आत.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "चला, लावू या तिसरी. महिना आहे हातात."

"नाही लावायची."

"म्हणजे?"

"हात तयार झाल्याशिवाय मी पेशंटला हात लावत नाही."

माझ्या डोक्यात सणक गेली. खोली बंद ठेवून खोली वाचवायची, हे कुठलं शहाणपण? मी तिला तसं सुनावलं. ती म्हणाली, "दोन मेलेल्या सुया आहेत ना आपल्याकडे, एक तुमची, एक माझी. त्यांच्यावर शिकते."

तिने स्वतःसाठी परीक्षा ठरवली ती अशी. मेलेल्या सुईच्या टोकाला कणभर पीठ धरवायचं. ब्रशवर अर्धा थेंब घ्यायचा, टोक साफ करायचं. मग टिपकागदाचा पातळ काप दांडीच्या बुडाला, रबराजवळ टेकवायचा. काप ओला झाला तर नापास. पीठ राहिलं तरी नापास. सलग पन्नास वेळा काप कोरडा आणि टोक स्वच्छ, तेव्हाच डबी उघडायची. एकदा चुकलं की पुन्हा एकपासून.

पहिल्या दिवशी वीसपैकी सोळा काप ओले.

एका रविवारी रजेच्या अर्जावर तिची सही हवी म्हणून मी तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरातलं टेबल अर्धं तिने व्यापलं होतं. भिंग, टिपकागदाच्या पट्ट्या, जाड शब्दकोशावर टेकवलेलं मनगट. दुसऱ्या अर्ध्यात सून भाजी चिरत होती.

"या, काकू," सून म्हणाली. "आमच्या सासूबाई सुईचे दात घासतायत. नातवाचे घासायला वेळ नाही."

"नातवाला दात चार आहेत," थेंबताई मान वर न करता म्हणाली. "आणि त्याला नवे येणार आहेत."

मग तिने एक गोष्ट केली ती मी विसरले नाही. ब्रश घेतला आणि स्वतःच्या पापणीच्या केसांवरून फिरवला. पुन्हा फिरवला. पुन्हा.

"हे काय?"

"जोर बघते. पापणीचा केस हलला पाहिजे, पण डोळा मिटायला नको. मिटला की समजायचं, जास्त झालं."

मी सही घेऊन निघाले. घरी जाऊन आरशासमोर एक ब्रश पापणीवर फिरवून बघितला. माझा डोळा दर वेळी मिटला.

खोलीत रेकॉर्ड वाजत नव्हत्या तरी शिंपीकाका अकराला येऊन बसत. पहिले दोन दिवस कुरकुरले, मग त्यांनाच त्यात रस वाटू लागला.

"कितीवर आलीस, ताई?"

"एकेचाळीस."

थोड्या वेळाने, "आता?"

"बेचाळिसावा ओला. पुन्हा एकपासून."

"उसवायचं आणि पुन्हा शिवायचं," ते म्हणाले. "कर. ब्रश कसा फिरवतेस?"

"मागून पुढे. आर्मच्या बुडाकडून टोकाकडे. रेकॉर्ड सुईखालून त्याच दिशेने सरकते."

"आणि परत आणताना?"

ती थांबली. परत आणताना ब्रश नकळत दांडीला घासून मागे येत होता. जाताना मागून पुढे, पण येताना पुढून मागे. म्हणूनच ओल रबराकडे सरकत होती.

"मखमलीला इस्त्री करताना हात उचलून परत आणायचा असतो," शिंपीकाका म्हणाले. "उलटा फिरला की कापड वर्षभर चुगली करतं."

त्या दिवसापासून प्रत्येक फटकाऱ्यानंतर तिने ब्रश उचलून मागे नेला. आणि सुई उलटी ठेवणं बंद केलं. सुई खालीच बघत राहील, तिच्याखाली छोटा आरसा ठेवायचा आणि आरशात बघून काम करायचं. थेंबाला खाली पडायचं असेल तर आरशावर पडू दे. ब्रश तीन केले. एक कोरडा, धुळीसाठी. एक ओला. तिसरा पुन्हा कोरडा, राहिलेली ओल टिपायला. घाईत गोंधळ नको म्हणून शिंपीकाकांनी त्यांच्या दांड्यांना दोरा बांधून दिला, पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. आंधळ्या माणसाने बांधलेल्या त्या गाठी मी बघितल्या आहेत. एकसारख्या होत्या.

सोमवार जवळ येत होता. माझा जीव टांगणीला. गुरुवारी ती अडतीस झाल्यावर चुकली. मी म्हणाले, "पुरे आता, सलग अडतीस काय कमी झाले?"

"बाई, एकोणचाळिसावा पेशंट तुम्ही असतात तर?"

शुक्रवारी दुपारी साडेतीनला पन्नास झाले. तिने टिपकागदाचा शेवटचा काप माझ्या टेबलावर आणून ठेवला. कोरडा ठणठणीत. शनिवारी डबी उघडली. पाच आठवड्यांनी त्या खोलीत गाणं वाजलं आणि शिंपीकाकांची हनुवटी काठीवरून वर आली. ते एवढंच म्हणाले, "माती नाही."

सोमवारी अध्यक्ष आले ते काखेत स्वतःची रेकॉर्ड घेऊन. माळ्यावरून काढलेली. पाकिटाला कोळ्याचं जाळं.

"तुमच्या रोजच्या पुसलेल्या रेकॉर्डवर कसली परीक्षा?" ते म्हणाले. "ही लावा."

वकील तो वकील. थेंबताईने रेकॉर्डवरून मऊ कापड फिरवलं, जेवढी निघाली तेवढी धूळ काढली आणि सुई अलगद टेकवली. दोन मिनिटं बरी गेली. मग खाचांत वर्षानुवर्षं बसलेली माती वर आली. आवाज घोगरा झाला, मग फाटला, मग सगळ्या खोलीभर नुसती खरखर.

"हेच," अध्यक्ष म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. "मी हेच म्हणत होतो." आणि सवयीने, आपण सगळेच करतो तसं, सुईला धरलेला तो कापूस काढायला त्यांनी बोट पुढे केलं.

थेंबताईने त्यांचं मनगट धरलं.

"हात मागे."

तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. पन्नास माणसांच्या वॉर्डात चालणारा आवाज होता. अध्यक्षांनी हात मागे घेतला. एवढंच नव्हे, खुर्चीत बसले.

"तुम्ही खरखर ऐकलीत," ती म्हणाली. "आता पुढचं ऐकून जा."

"मला साडेअकराला दुसरी बैठक आहे."

"बाईंनी पण सांगितलं होतं हिला, घाई कर म्हणून," शिंपीकाका म्हणाले. "ऐकत नाही. बसा."

तिने मोटर बंद केली. आवाजाचं बटण पूर्ण खाली आणलं. तबकडी थांबेपर्यंत थांबली. आर्म त्याच्या जागी ठेवून वरचा छोटा खटका लावला, म्हणजे धक्क्याने हलायला नको. सुईखाली आरसा सरकवला. मनगट लाकडी कडेवर टेकवलं. एका गाठीचा ब्रश. मागून पुढे, उचलला, मागे नेला, मागून पुढे. आरशात करडा गोळा पडला. मी घड्याळाकडे बघितलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

मग बाटली. ड्रॉपरने अर्धा थेंब, दोन गाठींच्या ब्रशच्या टोकावर. ब्रश तिने बाटलीच्या गळ्याला टेकवून जादाची ओल काढली. मागून पुढे. एकदा. दोनदा. तीनदा. मग तीन गाठींचा. अध्यक्ष पुढे वाकून आरशात बघत होते, आपल्या डोळ्याचं काय होतंय ते कळावं म्हणून पेशंट बघतो तसे.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"वाळू दे."

"किती वेळ?"

"तुम्ही बोलला नाहीत तर लवकर वाळेल."

तीन मिनिटं त्या खोलीत कुणी बोललं नाही. ते वाळत असताना तिने त्यांची रेकॉर्ड ओलसर कापडाने खाचांच्या दिशेने गोल गोल पुसली, मग कोरड्याने. खटका काढला. मोटर चालू. सुई तिने सुरुवातीला ठेवली नाही, जिथे आवाज फाटला होता तिथेच ठेवली.

गाणं आलं. जुन्या रेकॉर्डचे दोन-चार टिकटिक आवाज होते, ते खाचेतल्या ओरखड्यांचे. पण आवाज मोकळा होता, गाणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

अध्यक्षांनी शिंपीकाकांकडे बघितलं. काकांची कीर्ती अध्यक्षांच्या कानावर गेली असावी. "काय हो, माती आहे का?"

"सुईवर नाही," शिंपीकाका म्हणाले. "तुमच्या माळ्यावर असेल."

अध्यक्ष साडेअकराच्या बैठकीला बाराला गेले. जाताना म्हणाले, "सुई आहे तोवर खोली." रेकॉर्ड विसरून गेले. दर गुरुवारी ती ऐकायला येऊ लागले, पण घरी मात्र नेली नाही.

ती सुई दोन वर्षं सात महिने चालली. दिवसाला चार बाजू, पाचवी कुणी मागितली तरी नाही. प्रत्येक बाजूनंतर कोरडा ब्रश, आठवड्यातून एकदा ओला. किती बाजू वाजल्या ते ती कार्डावर लिहीत असे. मग एका बुधवारी शिंपीकाका म्हणाले, "ताई, आज माती नाही, पण धार गेलीय." तिने भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. कण एका अंगाने झिजला होता. दोघांशिवाय ते कुणाला कळलं नसतं. आणखी वर्षभर रेटून नेता आलं असतं, आणि खोलीही तेवढीच वाचली असती. मी तिला तसं म्हणाले. हो, मी म्हणाले.

"झिजलेली सुई खाच कापते, बाई. चौदाशे रेकॉर्ड आहेत."

ती सुई डबीत घालून ती स्वतः बैठकीत गेली आणि डबी अध्यक्षांसमोर ठेवली.

"संपली."

त्यांनी झाकण उघडून बघितलं. त्यांना काय दिसणार, पण बघितलं. "म्हणजे आता खोली बंद?"

"ते तुम्ही ठरवा. ही मात्र मी परत लावणार नाही."

सगळे माझ्याकडे बघू लागले, जणू ही पण मीच मोडली. अध्यक्ष थोडा वेळ डबीचं झाकण उघडत-मिटत राहिले.

"दुसऱ्या बनावटीचं अख्खं डोकं बसतं का या यंत्राला?"

"मेकॅनिक म्हणतो, बसतं. मागवायला तीन आठवडे."

"मागवा." मग त्यांना काहीतरी आठवलं. "आणि तीन आठवडे शिंपीकाका काय करणार?"

"येऊन बसतील," थेंबताई म्हणाली. "त्यांना सवय आहे."

दुसऱ्या दिवशी अकराला शिंपीकाका आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, काठीवर हनुवटी टेकवली आणि म्हणाले, "हं. कितीवर आलीस, ताई?"

तिने मेलेल्या तिसऱ्या सुईवर पीठ धरवलं होतं. नवं डोकं वेगळ्या बनावटीचं, हात पुन्हा तयार करायला हवा होता.

"एक," ती म्हणाली.